कुणाचा ‘वेलनेस’ आणि कुणाच्या खिशातून?

हल्ली मोठ्या कंपन्यांच्या तोंडी एक नवा शब्द बसला आहे. ‘वेलनेस’. हिंजवडीत जा, वांद्रे-कुर्ला संकुलात जा, ऐरोलीत जा. काचेच्या इमारतीत सकाळी योगाचा वर्ग, दुपारी आहारतज्ज्ञांचे व्याख्यान, मोबाइलवर रोज किती पावले चाललात याची मोजदाद आणि जास्त चालणाऱ्याला बक्षीस. वर्षातून एकदा रक्ततपासणी. कंपनीच्या अहवालात या सगळ्याचे फोटो छापून येतात आणि खाली लिहिलेले असते की, आमचे कर्मचारी हीच आमची संपत्ती. वाचायला फार बरे वाटते. पण ही संपत्ती मोजताना कुणाला धरले आणि कुणाला वगळले, हा प्रश्न आपल्या वाचकांनी विचारलाच पाहिजे. कारण योगाचा वर्ग सुरू होण्यापूर्वी तो हॉल जी बाई झाडून-पुसून जाते, तिचे नाव त्या वर्गाच्या यादीत नसते. ती कंपनीची नसते, ती कंत्राटदाराची असते.

मुळात हे खूळ आले कोठून? अमेरिकेतून. तेथे बहुसंख्य नोकरदारांचा आरोग्यविमा मालक काढतो. कामगार आजारी पडला की, दवाखान्याचे बिल शेवटी कंपनीच्या हिशेबात येते. म्हणून तेथील मालकांना वाटले की, कामगाराने सिगारेट सोडली, वजन उतरवले, साखर ताब्यात ठेवली तर आपला विम्याचा खर्च कमी होईल. यात धर्मादाय काही नव्हते, हिशेब होता. आपल्याकडच्या कंपन्याही कर्मचाऱ्यांचा गट-विमा काढतात. यंदा कर्मचाऱ्यांनी जास्त दावे केले की पुढच्या वर्षी विमा कंपनी हप्ता वाढवते. म्हणून इथल्या मालकालाही आपल्या माणसाच्या रक्तदाबाची अचानक काळजी वाटू लागली आहे. काळजी वाटते याबद्दल तक्रार नाही. पण या काळजीने खर्च खरोखर कमी होतो काय, याचे उत्तर अमेरिकेनेच देऊन ठेवले आहे आणि ते आपल्याकडच्या वेलनेस विकणाऱ्या मंडळींना फारसे सोयीचे नाही.

२०१० साली कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग या तीन अभ्यासकांनी तोवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. निष्कर्ष असा निघाला की, अशा कार्यक्रमांवर एक डॉलर खर्च केला तर वैद्यकीय खर्चात सुमारे ३.२७ डॉलर वाचतात आणि गैरहजेरी कमी झाल्याने आणखी सुमारे २.७३ डॉलर वाचतात. झाले! एकाचे सहा होणार म्हटल्यावर कोण थांबतो? हा आकडा जगभर फिरला. वेलनेस हा स्वतंत्र धंदाच झाला.

पण पुढे काय झाले ते ऐका. याच साँग आणि बेकर यांनी नंतर कसोशीने प्रयोग केला. बीजेज होलसेल क्लब या दुकानांच्या साखळीतील १६० ठिकाणे घेतली. त्यातली २० ठिकाणे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून तेथे वेलनेस कार्यक्रम सुरू केला. उरलेल्या ठिकाणी केला नाही. सुमारे तेहतीस हजार कामगारांचा हा प्रयोग. दीड वर्षानंतरचे निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाले. कार्यक्रम असलेल्या ठिकाणी नियमित व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो असे सांगणारे लोक वाढले होते. पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत फरक नाही. वैद्यकीय खर्चात फरक नाही. गैरहजेरीत फरक नाही. आपल्याच जुन्या निष्कर्षाला प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहणारे विद्वान विरळाच. त्यांचे त्यासाठी कौतुकच केले पाहिजे.

इलिनॉय विद्यापीठातील प्रयोग तर याहून बोलका आहे. तेथील जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांवर अशाच चिठ्ठी पद्धतीने प्रयोग झाला. वैद्यकीय खर्च कमी झाला नाही. मात्र एक गोष्ट उघड झाली. जे लोक स्वतःहून वेलनेस कार्यक्रमात येतात, ते आधीपासूनच धडधाकट असतात आणि त्यांचा दवाखान्याचा खर्च आधीपासूनच कमी असतो. म्हणजे आधीच्या अभ्यासांत जी बचत दिसत होती ती बरीचशी कार्यक्रमामुळे नव्हती. आलेली माणसेच तशी होती. वर्गात पहिल्या बाकावरची मुले निवडून शिकवणीला घ्यायची आणि मग ती पहिली आली की शिकवणीची जाहिरात करायची, त्यातला हा प्रकार. गुणवत्तेच्या नावाखाली आपल्या मुलांनी हा खेळ पुष्कळ पाहिला आहे, त्यामुळे आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

मग कामाच्या ठिकाणी आरोग्यावर केलेला खर्च व्यर्थच काय? तसेही नाही. पेप्सिको कंपनीच्या कार्यक्रमाचा रँड या संस्थेने सात वर्षांचा हिशेब तपासला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्या कार्यक्रमाचे दोन भाग होते. एक भाग सवयी सुधारण्याचा : व्यायाम करा, कमी खा, तंबाखू सोडा. दुसरा भाग ज्यांना मधुमेह, दमा, हृदयविकार असे जुने आजार आधीच जडले आहेत, त्यांच्या उपचाराची नीट काळजी घेण्याचा : औषध चुकू न देणे, परिचारिकेने विचारपूस करणे, वेळेवर तपासणी. पहिल्या भागावर खर्चलेल्या एका डॉलरमागे अर्धा डॉलरच परत आला, म्हणजे तोटाच. दुसऱ्या भागावरच्या एका डॉलरमागे ३.८० डॉलर परत आले. आजारी माणसांना रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण घटले आणि बचत मुख्यतः तेथूनच झाली.

अर्थ सरळ आहे. निरोगी साहेबाला चालायला सांगून पैसा वाचत नाही. आजारी कामगाराला गोळी वेळेवर दिली तर वाचतो. पण गोळी देण्याचा फोटो चांगला येत नाही, हीच अडचण!

आणि आजारी कोण पडतो? यावरही इंग्लंडमध्ये फार मोठे काम झालेले आहे. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ पासून सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो प्रसिद्ध आहे. सर मायकेल मार्मट यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. एकाच सरकारची नोकरी, एकाच शहरात, सर्वांना तीच सरकारी आरोग्यसेवा. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई, द्वारपाल यांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. बरे, हे केवळ शिपाई विरुद्ध साहेब असे नव्हते. पायरी-पायरीने हे प्रमाण चढत गेले होते. प्रत्येक पायरी वरच्या पायरीपेक्षा जास्त आजारी. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे जमेस धरूनही फरकाचा थोडाच भाग उलगडत होता. पुढच्या अभ्यासात दिसले की, आपल्या कामावर आपला ताबा किती, वरून हुकूम किती आणि आपले चालते किती, याचाही शरीरावर परिणाम होतो. पायऱ्यांची ही समाजव्यवस्था आपल्याला इंग्लंडच्या अभ्यासातून शिकायची गरज नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले आणि ती फक्त श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे हे दाखवून दिले. ती विभागणी माणसाच्या धमन्यांपर्यंत पोहोचते, एवढेच मार्मट यांच्या आकड्यांनी दाखवले.

कामाची जागा आणि रोग यांचा संबंध आपल्या चळवळीला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांतल्या विणकाम खात्याची हकिगत जुन्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. त्या खात्यात पगार चांगला. पण तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नाही. का? तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे. महार माणसाच्या तोंडाचा धोटा मराठा किंवा मुसलमान कामगाराने तोंडाला कसा लावायचा? बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न लावून धरला आणि विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करा ही मागणी कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवली. आता याच धोट्याची दुसरी बाजू पाहा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच तोंडाने धागा ओढण्याच्या धोट्यावर बंदी घातली होती. कारण एकाच्या तोंडाचा क्षय दुसऱ्याच्या तोंडात जातो. तेथे धोट्याला रोगाचे भय होते म्हणून धोटा बदलला. येथे धोट्याला विटाळाचे भय होते म्हणून माणूस बाहेर ठेवला, धोटा तसाच राहिला. ज्या सवर्ण कामगारांनी विटाळ पाळला त्यांनी एकमेकांचा क्षय मात्र निमूटपणे वाटून घेतला. जात ही सवर्ण कामगारालाही कशी मारते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

बाबासाहेब जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आपल्या सभांमधून त्या काळातल्या कामाचा उल्लेख होतो. पण बहुधा आठ तासांच्या दिवसापाशी येऊन थांबतो. खरे तर आजच्या विषयाशी जवळचे काम दुसरेच आहे. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. कोळसा खाणीतल्या मजुरांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम त्याच वर्षीचा. अडारकर योजनेवरून पुढे विधेयक झाले. ते मांडले गेले तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते आणि १९४८ साली कायदा झाला तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. हाच कर्मचारी राज्य विमा कायदा, आपण ज्याला साध्या भाषेत ‘ईएसआय’ म्हणतो तो. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली.

या कायद्याचे कलम ६९ प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचले पाहिजे होते. किती जणांनी वाचले, देव जाणे, म्हणजे देव नसला तरी! त्या कलमाचा आशय असा : एखाद्या कारखान्यात आजारपण प्रमाणाबाहेर होत असेल आणि त्याचे कारण कारखान्यातली घाण किंवा आरोग्याचे नियम पाळण्यात मालकाने केलेली हयगय असेल, तर आजारपणाच्या भत्त्यावर झालेला जादा खर्च महामंडळाने त्या मालकाकडे मागावा. इतकेच नव्हे, तर कामगार ज्या चाळीत राहतात तिच्या मालकाच्या दुर्लक्षामुळे रोग होत असेल तर त्या चाळमालकाकडेही मागावा. केवढी दूरदृष्टी! आजार ही कामगाराची वाईट सवय आहे असे न मानता, आजार ही कुणाची तरी जबाबदारी असू शकते आणि ज्याने रोग निर्माण केला त्याने बिल भरावे, हे तत्त्व या देशाच्या कायद्याने १९४८ साली मान्य केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, पण हे तत्त्व संहितेतही उतरले आहे. वेलनेसचे तत्त्व नेमके याच्या उलटे. तेथे पहिला प्रश्न कामगाराला : तू किती चाललास? कलम ६९ चा पहिला प्रश्न मालकाला : तुझ्या कारखान्यात हवा येते काय?

आता ईएसआयची आजची स्थिती बघू. वेतनमर्यादा २०१७ साली २१ हजार ठरवण्यात आली. १ जुलै २०१९ पासून वर्गणी कमी केली गेली. आधी मालक ४.७५ टक्के आणि कामगार १.७५ टक्के, मिळून साडेसहा टक्के भरत असत. ते मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५, असे मिळून चार टक्के झाले. १५ हजार पगाराच्या कामगारामागे महिन्याला ९७५ रुपये जमा होत ते ६०० झाले. कामगाराचे दीडशे रुपये वाचले म्हणून टाळ्या पडल्या. मालकाचे सव्वादोनशे वाचले याची फारशी चर्चा झाली नाही. तेव्हा सांगितले गेले की, महामंडळाकडे पैसा शिल्लक पडून आहे. पैसा शिल्लक होता कारण दवाखान्यात डॉक्टर नव्हते, औषध नव्हते, म्हणून कामगार जात नव्हता. भुकेल्याने ताट परत केले म्हणजे त्याचे पोट भरले असे समजायचे काय? डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या ईएसआय रुग्णालयाला आग लागून रुग्णांचे बळी गेले. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच ही वर्गणीकपात झाली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

तरीही, आणि हे मी जोर देऊन सांगतो, ईएसआयला नाके मुरडणे आपल्याला परवडणारे नाही. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, क्षयासारख्या दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन, बाळंतपणाची २६ आठवडे भरपगारी रजा आणि कुटुंबाला बाह्यरुग्ण उपचारासकट औषधपाणी, हे सगळे कोणती खासगी विमा कंपनी देते? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मोलाची आहे, पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरची. रोजची रक्तदाबाची गोळी ती देत नाही. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक थेट स्वतःच्या खिशातून करतात. यातला मोठा वाटा अशाच रोजच्या औषधांचा आणि बाहेरच्या डॉक्टरच्या फीचा असतो. गोळी परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेतली जाते आणि मग एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो. पेप्सिकोच्या आकड्यांनी जे सांगितले तेच आपल्या वस्तीतल्या कोणत्याही माउलीला ठाऊक आहे.

सगळ्यात वाईट दशा कंत्राटी सफाई कामगाराची. मुंबई महापालिकेतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला. त्यामागे कचरा वाहतूक श्रमिक संघाची वर्षानुवर्षांची लढाई होती. पण इतकी वर्षे हे कामगार कोणाचे होते? पालिका म्हणे आमचे नव्हेत, कंत्राटदाराचे. कंत्राटदार म्हणे हे कामगारच नव्हेत, स्वयंसेवक! स्वयंसेवकाला कसला विमा आणि कसली रजा? शहराचा कचरा उचलणारा माणूस स्वतःच्या मर्जीने समाजसेवा करीत होता, असे कागदावर लिहिले गेले. मनूलाही इतके सुचले नसते.

या कामगाराला होणारे रोग काही गूढ नाहीत. कचऱ्याच्या धुळीने दमा आणि क्षय. सुया आणि काचा टोचून कावीळ. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून लेप्टो. मोटर लोडरची पाठ चाळिशीतच वाकते. लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिनची स्वस्त गोळी दरवर्षी पावसाळ्यात पालिकाच लोकांना घ्यायला सांगते. ती हजेरी घेताना चौकीवर हातात पडली पाहिजे. हिपॅटायटिस बी ची लस, धनुर्वाताचे इंजेक्शन, हातमोजे, गमबूट हे सगळे मिळून एका माणसामागे जो खर्च येईल तो एका आठवड्याच्या रुग्णालयाच्या बिलापुढे किरकोळ आहे. चौकीत गरम पाणी आणि साबण, कामाचे कपडे धुवायची सोय, बायांसाठी दार लागणारे संडास. हाच सफाई कामगाराचा वेलनेस. यात योगगुरूची गरज पडत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते : ते दारू पितात म्हणून मरतात. दारूबद्दल आपली भूमिका स्वच्छ आहे. ती सोडलीच पाहिजे. वस्तीवस्तीत त्यासाठी काम झाले पाहिजे आणि होतेही. पण नाकात सडलेल्या मांसाचा वास जाऊन पुन्हा दुपारी जेवण गिळायचे असेल तर माणूस काय करतो, हे उपदेश करणाऱ्याने एक दिवस कचऱ्याच्या गाडीवर उभे राहून पाहावे. व्यसनमुक्तीचे शिबिर जरूर घ्या. त्याच्या आधी गाडीला झाकण लावा.

आणि हे काम कोण करतो? केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत गटार आणि सेप्टिक टाक्यांची सफाई करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची २०२४ पर्यंत नोंद झाली होती. त्यातले ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. गटारात मरणाऱ्याच्या वारसाला द्यायची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी १० लाखांवरून ३० लाख केली. मेल्यावरचा दर वाढला, चांगले झाले. जिवंतपणी गटारात उतरायला लागू नये यासाठीच्या यंत्राला निविदा निघता निघत नाही.

शहर सोडून जरा ऊसाच्या फडात चला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेले आकडे असे : तपासणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले होते. सहामागे एक. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम बुडाले की खाडा आणि खाड्याचा दंड. फडावर पाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही. मग अंगावरून जाते, पोट दुखते आणि खासगी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका. ऑपरेशनचा खर्च पुन्हा मुकादमाच्या उचलीतून आणि ती उचल फेडायला पुन्हा कोयता. येथे आजार कामाने दिला, उपचाराचे कर्जही कामानेच दिले आणि साखर कारखान्याच्या ताळेबंदात यातला एक रुपयाही दिसत नाही. कारण ऊसतोड मजूर कारखान्याचा कामगारच नाही! कलम ६९ चे तत्त्व या फडावर लावायचे ठरवले तर बिल कुणाच्या दारात जाईल, याचा विचार साखरसम्राटांनी केलेला आहे. म्हणूनच ते तत्त्व फडापर्यंत कधी पोहोचू दिले गेले नाही.

आपल्याही कामगार संघटनांना दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपण कायम नोकरीसाठी भांडतो, महागाई भत्त्यासाठी भांडतो, बोनससाठी भांडतो आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला नोकरी मिळावी म्हणून भांडतो. ते बरोबरच आहे. त्या हक्कावर कुणी घाला घातला तर रस्त्यावर उतरलेच पाहिजे. पण बाप पन्नाशीत मेला म्हणून मुलगा झाडू धरतो आणि तोही पन्नाशीत जातो, हे चक्र मागणीपत्राच्या कोणत्या कलमात येते? आरोग्याची मागणी आपल्या मागणीपत्रात शेवटी येते आणि वाटाघाटीत पहिली सुटते.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेच कायद्यात आधीच लिहिलेले आहे. कंत्राटदाराने ईएसआयची वर्गणी भरली नाही तर ती मूळ मालकाने भरायची, हे १९४८ पासूनचे तत्त्व आहे. तेव्हा कंत्राटी बांधवांनी आपला विमा क्रमांक मागून घ्यावा आणि दर महिन्याला आपल्या नावावर पैसे जमा होतात की नाही ते तपासावे. सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली नाही तर आजारपणाचा भत्ता मिळत नाही आणि कंत्राटदार नेमका याच आकड्याशी खेळतो. चार महिने एका नावाने, चार महिने दुसऱ्या नावाने. पालिका-नगरपालिकांतल्या कंत्राटी आणि हंगामी कामगारांना ईएसआय लागू करण्याची भूमिका केंद्राने २०२१ साली घेतली. आपल्या गावच्या नगरपालिकेत तिचे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.

नव्या संहितांबरोबर सरकारने ४० वर्षांवरील कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी जाहीर केली आहे. ती मागितलीच पाहिजे. मात्र दोन अटींवर. तपासणीचा कागद पहिल्यांदा कामगाराच्या हातात पडला पाहिजे, मुकादमाच्या नव्हे; नाही तर साखर निघाली म्हणून कामावरून काढायला तोच कागद वापरला जाईल. आणि तपासणीत जे निघेल त्याचे औषध कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, पगार न कापता मिळाले पाहिजे. तपासणी करून रोगाचे नाव सांगायचे आणि औषध स्वतः विकत घे म्हणायचे, ही तपासणी नव्हे, शिरगणती आहे.

या अटी मान्य करून घेण्यासाठी आपल्याकडे आकडे हवेत. आपल्या चौकीवर, आपल्या कारखान्यात, आपल्या टोळीत गेल्या पाच वर्षांत कोण कोणत्या आजाराने गेले, कोणत्या वयात गेले, किती दिवस बिनपगारी घरी बसले, दवाखान्याला किती लागले आणि कर्ज कुणाकडून काढले, याची वही प्रत्येक शाखेने घालावी. पंधरा-वीस घरांपासून सुरुवात झाली तरी चालेल. वही पूर्ण झाली की तिची एक प्रत कामगार आयुक्तांकडे, एक ईएसआयच्या विभागीय कार्यालयात आणि एक त्या कंपनीच्या वेलनेस विभागात पाठवावी. पोच घ्यायला विसरू नये.